पौंडाची पट्टी मागा: लेकराची फी विलायतेला पाठवताना भाव कसा बघायचा

माझ्या पुतणीला इंग्लंडमध्ये मास्टर्सला ॲडमिशन मिळालं त्या दिवशी घरात पेढे वाटून झाले आणि दादानं पहिला प्रश्न विचारला, "पौंडाचा भाव काय चाललाय?" मी मोबाईलवर बघून सांगितला, दादानं जागेवरच तोंडी गुणाकार केला आणि म्हणाला, एवढ्यात बसतंय. बसलं नाही. बँकेतून पैसे गेले तेव्हा दादाच्या हिशोबापेक्षा जवळपास वीस हजार जास्त गेले आणि वरून युनिव्हर्सिटीचा मेल आला की तुमचे २५ पौंड कमी पडलेत, ते भरल्याशिवाय पुढचा कागद निघणार नाही. त्या २५ पौंडासाठी पोरगी आठ दिवस रडकुंडीला आली होती. म्हणून हे लिहायला बसलोय. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडून आता कितीतरी लेकरं बाहेर शिकायला चाललीत, आईबाप शेतकरी नाहीतर मास्तर, पौंड हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलेला, आणि विचारावं तर आसपास माहितगार माणूस नसतो.

आता दादाला भाव कळत नाही असं अजिबात नाही. तीस वर्षं मोंढ्यात माल घालतोय. सोयाबीनचा भाव बोर्डावर एक असतो, आणि मॉइश्चर, माती-काडी, हमाली, तोलाई होऊन पट्टी, म्हणजे सगळं कापून उरलेल्या पैशाचा हिशोबाचा कागद, हातात येते तेव्हा आकडा वेगळाच असतो, हे त्याला झोपेतही माहीत आहे. पौंडाचं बी सेम आहे. मोबाईलवर दिसतो तो बोर्डावरचा भाव, आपल्याला पाहिजे ती पट्टी. बँकेच्या काउंटरवर आपण पट्टी मागत नाही, इंग्रजी फॉर्म बघून गप बसतो, तिथंच पैसे जातात.

खरं तर दोन चलनांचा हिशोब आपल्या भागाला नवा नाहीच. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इथं हैदराबादचा स्वतःचा रुपया चालायचा, हाली सिक्का, आणि इंग्रजांचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा ठरलेला भाव. उस्मानाबादकडून बार्शीच्या बाजाराला गेलं की सोलापूर जिल्हा लागायचा, इंग्रजी मुलूख, तिथं कलदार. आमचे आबा सांगायचे की बैलाचा सौदा बसला की आधी विचारायचं, हाली का कलदार? पोलिस ॲक्शननंतरही हाली नाणं काही वर्षं चालत होतं, पार १९५९ ला बंद झालं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना जो प्रश्न रोज पडायचा तोच आता आपल्याला बँकेत विचारायचाय, फक्त हालीच्या जागी रुपया आणि कलदाराच्या जागी पौंड.

आधी पौंड म्हणजे काय ते थोडं

हे वाचायचा कंटाळा आला तर खाली उडी मारा, पण मला वाटतं हे माहीत असलं की भाव का हलतो ते कळतं आणि घाबरायला होत नाही.

आज वापरात असलेल्या चलनांमध्ये सगळ्यात जुनं चलन पौंडच मानतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वी एक पौंड वजनाच्या चांदीतून २४० पेन्या पाडायच्या, तिथून हे नाव आलं, म्हणजे नाव वजनाचं आहे, जसं आपल्याकडं शेर किंवा तोळा. १२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, हे त्यांनी १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालवलं आणि मग १०० पेन्सचा पौंड केला. आपण आणे-पै सोडून नवे पैसे १९५७ लाच आणले होते, म्हणजे या बाबतीत आपण त्यांच्या चौदा वर्षं पुढं. बँक ऑफ इंग्लंड १६९४ ची. १७१७ मध्ये सर आयझॅक न्यूटन, तेच सफरचंदवाले, टांकसाळीचे प्रमुख होते, त्यांनी सोन्याच्या गिनीचा भाव २१ शिलिंग धरला आणि तिथून पौंड चांदीकडून सोन्याकडं सरकला. पुढं शंभर-दीडशे वर्षं जगातला व्यापार, जहाजांचे विमे, सरकारांची कर्जं, सगळं लंडनमध्ये आणि पौंडात. आपला रुपयाही त्यालाच बांधलेला होता. १९२७ पासून एक रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धापर्यंत, पौंडाला १५ रुपये होते.

मग दोन महायुद्धं झाली आणि इंग्लंड कर्जात बुडालं. १९२५ मध्ये चर्चिल अर्थमंत्री असताना त्यांनी पौंड परत जुन्याच भावात, ४.८६ डॉलरला, सोन्याला बांधला. तो भाव देशाला झेपला नाही, आणि १९३१ च्या सप्टेंबरात सोनं सोडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉलर मोठा झाला. १९४९ मध्ये पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला तेव्हा आपणही रुपया सोबतच खाली आणला, म्हणून पौंडाला १३.३३ रुपये तसेच राहिले. १९६६ च्या जूनमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा पौंड २१ रुपयांवर गेला, दुसऱ्या वर्षी इंग्लंडनं पौंड २.४० डॉलरवर आणला तर तो १८ वर आला. १९७५ पर्यंत रुपया पौंडाच्या दावणीला होता, मग सुटला.

आज जगभरातल्या रिझर्व्ह बँकांकडच्या परकीय गंगाजळीत डॉलर निम्म्याहून जास्त आहे, युरो साधारण एक पंचमांश आणि पौंड पाच टक्क्यांच्या आसपास. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची जी पाच चलनांची टोपली आहे तिच्यात पौंडाचं वजन २०२२ ला ७.४४ टक्के धरलंय. पाच टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल पण गंमत पुढं आहे, जगात चलनांची जी खरेदी-विक्री होते, २०२२ च्या मोजणीप्रमाणं रोजची साडेसात लाख कोटी डॉलरची, त्यातली ३८ टक्के लंडनमध्ये होते. म्हणजे स्वतःचा माल कमी झाला तरी मोंढा अजून त्यांच्याच गावात भरतो. लातूरच्या मोंढ्यात सगळी तूर काय लातूर तालुक्यातली नसते, कर्नाटकातून पण येते, तरी भाव लातूरचा धरतात ना, तसं.

आणि पौंडाचं आपल्याशी एक नातं असंही आहे की जे मराठवाड्यातल्या माणसानं ऐकायलाच पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मुक्तिसंग्राम संपला, निजामानं शरणागती पत्करली. त्याच सुमारास निजामाच्या लंडनमधल्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानच्या तिथल्या हायकमिशनरच्या खात्यात गेले. निजामानं लगेच सांगितलं की माझ्या परवानगीशिवाय गेलेत, परत द्या. बँकेनं खातं गोठवलं आणि वाद सुरू झाला, तो संपला २ ऑक्टोबर २०१९ ला, लंडनच्या हायकोर्टानं निकाल भारत सरकार आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं दिला. ७१ वर्षांत ते दहा लाख पौंड वाढून साडेतीन कोटी पौंड झाले होते. तेव्हाच्या १३.३३ च्या भावानं ती रक्कम १ कोटी ३४ लाख रुपये होते, २०१९ च्या भावानं तीनशे कोटींच्या वर. यातली वाढ नीट बघा, पौंडात ३५ पट आणि रुपयात त्याच्या कितीतरी जास्त पट, कारण मधल्या काळात पौंडच १३ वरून ८७ च्या आसपास गेला. लेकराची फी दोन-तीन हप्त्यात जाणार असेल तर हीच गोष्ट छोट्या प्रमाणात आपल्या घरात होते.

भाव वाचायचा कसा

पौंड आणि रुपया यांचा थेट मोठा बाजार नाही. मध्ये डॉलर बसलेला असतो. लंडनला एका पौंडाला किती डॉलर, आणि मुंबईत एका डॉलरला किती रुपये, दोन्हीचा गुणाकार म्हणजे आपला भाव. हिशोबाला सोपं म्हणून धरा, पौंड १.३० डॉलर आणि डॉलर ९० रुपये, तर पौंड ११७ रुपये. (हे आकडे फक्त समजायला, तुम्ही वाचाल त्या दिवशीचे बघून घ्या.) आता डॉलर ९२ झाला आणि पौंड तिथंच राहिला तर ११९.६०. डॉलर ९० च राहिला पण पौंड १.३५ झाला तर १२१.५०. म्हणून टीव्हीवर "रुपया घसरला" ऐकलं की लगेच पौंड महागला असं समजू नका. २०२२ चं उदाहरण घ्या, वर्षाच्या सुरुवातीला डॉलर ७४ च्या आसपास आणि पौंड १०० रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरात डॉलर ८१ च्या वर गेला, सगळीकडं बोंबाबोंब, पण त्याच २६ सप्टेंबरला इंग्लंडच्या नव्या सरकारच्या मिनी बजेटमुळं पौंड डॉलरसमोर १.०३ पर्यंत कोसळला, इतिहासातला सगळ्यात खालचा भाव, म्हणजे रुपयात पौंड ८४-८५ पर्यंत आला होता. ज्यांनी त्या दोन दिवसात फी भरली त्यांचे लाख-दीड लाख वाचले असतील, पण ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं, आणि तसं ठरवून करता येतही नाही.

दुसरी एक गैरसमजूत, पौंड ११७ ला आणि डॉलर ९० ला म्हणून पौंड डॉलरपेक्षा ताकदवान, असं नसतंय. तो नुसता मापाचा फरक आहे, पायलीचा भाव शेरापेक्षा जास्त असणारच. ताकद बघायची तर काल किती होता आणि आज किती आहे ते बघायचं.

रोजचा खात्रीचा आकडा कुठं बघायचा? एफबीआयएल म्हणून संस्था आहे, ती कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलर, युरो, पौंड आणि येनचा रेफरन्स रेट काढते, तो नेटवर फुकट दिसतो. ह्याला बोर्डावरचा भाव समजा. ह्या भावात तुम्हाला कुणीच पौंड देणार नाही, पण समोरचा किती वर लावतोय ते मोजायला हाच गज.

आता बँकेच्या रेटच्या तक्त्यावर चार-पाच रकाने असतात आणि माणूस तिथंच गडबडतो. टीटी म्हणजे नोटा न देता खात्यातून खात्यात पाठवलेले पैसे. टीटी बाइंग म्हणजे बाहेरून आलेले पौंड बँक तुमच्याकडून घेणार तो भाव, तो आपल्या कामाचा नाही. टीटी सेलिंग म्हणजे खात्यातून पैसे बाहेर पाठवायला बँक तुम्हाला पौंड विकणार तो भाव, फीसाठी हाच. आणि नोटांचा भाव वेगळा, तो सगळ्यात महाग, कारण नोटा आणायच्या, सांभाळायच्या. आम्ही पहिल्या वेळेला फोनवर विचारलं तेव्हा समोरच्या पोरानं चुकून बाइंगचा रेट सांगितला आणि आम्ही खुश.

पट्टी कशी मागायची

दोन-तीन ठिकाणी जा किंवा फोन करा, आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारा, शब्द असेच ठेवा: "युनिव्हर्सिटीच्या खात्यात पूर्ण ९ हजार पौंड पडायला पाहिजेत, एक पेनी कमी नको, तर माझ्या खात्यातून सगळं धरून किती रुपये जाणार?" रेट काय, कमिशन किती, असं तुकड्या-तुकड्यानं विचारू नका. तुकड्यात विचारलं की प्रत्येक तुकडा छोटा दिसतो.

आमच्या दुसऱ्या हप्त्याच्या वेळी मी मोंढ्याच्या पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूलाच हिशोब मांडला होता, तो इथं देतो, आकडे वरच्या ११७ वर बसवून. बोर्डाचा भाव ११७ म्हणजे ९ हजार पौंडाचे १० लाख ५३ हजार. पहिली बँक म्हणाली आमच्याकडं कमिशन शून्य, रेट ११९.२०. दुसरी म्हणाली रेट ११७.९० आणि चार्जेस १५०० अधिक त्याच्यावर १८ टक्के जीएसटी. ऐकायला शून्य कमिशन गोड लागतं. पण पहिलीकडं होतात १० लाख ७२ हजार ८००. दुसरीकडं १० लाख ६१ हजार १००, त्यात १५०० आणि २७० मिळवले की १० लाख ६२ हजार ८७०. फरक ९ हजार ९३० रुपये. जवळपास दोन क्विंटल सोयाबीन. दादा नुसता त्या कागदाकडं बघत बसला होता, म्हणाला, "हे तर वजनकाट्यात मारल्यासारखं झालं."

ह्याच्यावर अजून एक जीएसटी असतो, चलन बदलण्याचा. तो पूर्ण रकमेवर १८ टक्के नसतो, घाबरू नका. सरकारनं एक ठराविक हिशोब दिलाय, एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का धरायचा, एक ते दहा लाखापर्यंत १ हजार अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का, दहा लाखाच्या वर ५५०० अधिक वरच्या रकमेचा ०.१ टक्का, आणि हा जो आकडा आला त्याच्यावर १८ टक्के. वरच्या उदाहरणात दोन्हीकडं हजार रुपयांच्या आसपास येतो. म्हणून बँकवाला "जीएसटीमुळं जास्त गेले साहेब" म्हणाला तर त्याला विचारा किती, हजार का दहा हजार.

आता त्या २५ पौंडांची गोष्ट. आपल्या बँकेतून पैसे थेट युनिव्हर्सिटीच्या बँकेत जात नाहीत, मध्ये एखादी बँक असते आणि ती आपला वाटा काढून घेते. फॉर्मवर एक रकाना असतो, चार्जेस कुणाकडं: ओयूआर, एसएचए किंवा बीईएन. ओयूआर म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याकडं, एसएचए म्हणजे आपल्या बँकेचा खर्च आपल्याकडं आणि पुढच्या बँकांचा घेणाऱ्याकडं, बीईएन म्हणजे घेणाऱ्याकडं. आमच्या फॉर्मवर काउंटरवरच्या माणसानं न विचारता एसएचएवर टिक केली होती, आणि आम्ही सही केली. फीसाठी नेहमी ओयूआर. थोडे जास्त पडतात पण लेकराला तिकडं ऑफिसच्या दारात उभं राहावं लागत नाही. सही करायच्या आधी त्या एका चौकोनावर बोट ठेवून विचारा.

तालुक्याच्या शाखेत हे काम बहुतेक होत नाही, फॉरेक्सचं काम ठराविक शाखांनाच असतं, जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीतर संभाजीनगरला. कागद तिकडं जाऊन येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि भाव लागतो तो काम होईल त्या वेळचा, तुम्ही फॉर्म दिला त्या वेळचा नाही. म्हणून शेवटच्या तारखेच्या किमान आठ-दहा दिवस आधी जा, आणि रेट कधीचा लागणार ते विचारून घ्या. सोबत पॅन, ए-टू फॉर्म (बाहेर पैसे पाठवायचा बँकेतला अर्ज), ऑफर लेटर, फीचं पत्र, लेकराचा पासपोर्ट. युनिव्हर्सिटीचा आयबॅन, स्विफ्ट कोड, सहा आकडी सॉर्ट कोड आणि आठ आकडी खातं नंबर त्यांच्या अधिकृत पोर्टलवरूनच घ्या, मेलमध्ये कुणी "आमचं खातं बदललंय" म्हणून पाठवलं तर पैसे पाठवू नका, आधी फोन करा. रेफरन्सच्या जागी स्टुडंट आयडी टाकायचा, बापाचं नाव नाही, नाहीतर पैसे पोचतात पण कुणाचे ते तिकडं कळत नाही. काम झालं की स्विफ्ट कॉपी, म्हणजे पैसे पाठवल्याचा बँकेचा कागद, मागून घ्या, हीच तुमची पट्टी.

शनिवार-रविवार ॲपवरून पाठवायला जाऊ नका, बाजार बंद असतो म्हणून समोरचा जास्तीचा मार्जिन धरून बसतो. मुंबईचा बाजार सकाळी ९ ते दुपारी साडेतीन, लंडन उघडतं ते आपल्या साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. मंगळवार ते गुरुवार, दुपारच्या सुमारास काम लावा. बँक ऑफ इंग्लंड वर्षातून आठ वेळा व्याजदर ठरवते, गुरुवारी, आपल्याकडं संध्याकाळी साडेचार-साडेपाचला निकाल येतो, तेव्हा मुंबई बंद झालेली असते, त्यामुळं त्याचा झटका शुक्रवारी सकाळी लागतो. इकडं रिझर्व्ह बँक दोन महिन्यांनी ठरवते. ह्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा एवढंच, त्याच्यावर सट्टा खेळू नका.

सट्ट्याचं एवढ्यासाठी म्हणतोय की बरेच जण "पौंड उतरू दे मग भरू" म्हणून थांबतात. १९९२ च्या १६ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडसारख्या बँकेनं पौंड धरून ठेवायला एका दिवसात व्याजदर १० वरून १२ आणि मग १५ करायची घोषणा केली, अब्जावधी खर्च केले, तरी संध्याकाळी हार मानून युरोपच्या ठरलेल्या भावातून बाहेर पडावं लागलं. पौंड पडणार म्हणून पैसे लावलेल्या जॉर्ज सोरोस या गुंतवणूकदारानं त्यात जवळपास शंभर कोटी डॉलर कमावले. २०१६ ला ब्रेक्झिटच्या मतदानाच्या रात्री पौंड दीड डॉलरवरून १.३२ पर्यंत पडला, आणि त्या संध्याकाळी तर बाजाराला वाटत होतं की काहीच होणार नाही. जिथं त्यांची बँक आणि बाजार चुकतो तिथं आपण उदगीरला बसून काय अंदाज लावणार. फी मोठी असेल तर दोन-तीन वेळेला विभागून पाठवा, कधी वर लागेल कधी खाली, मध्यम पडेल. माल सगळा एकाच दिवशी मोंढ्यात घालत नाहीत तसं.

टीसीएस, व्हिसाचे पैसे आणि खिशातल्या नोटा

बाहेर पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, आपण तिथपर्यंत जात नाही. पण टीसीएस बघा, म्हणजे पैसे पाठवताना बँक आपल्याकडून आगाऊ कापून घेते तो कर. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, आधी ही मर्यादा ७ लाख होती. शिक्षणासाठी मान्य संस्थेकडून काढलेल्या कर्जातून पैसे जात असतील तर टीसीएस लागतच नाही. स्वतःच्या पैशातून असेल तर १० लाखाच्या वरच्या भागावर लागतो, दर बजेटमध्ये बदलत असतो म्हणून त्या वर्षीचा बँकेत विचारा. मर्यादा पॅनप्रमाणं मोजतात, म्हणजे अर्धे वडिलांच्या खात्यातून आणि अर्धे आईच्या खात्यातून गेले तर दोघांची वेगळी धरतात, आणि मार्चमधला हप्ता एका वर्षात, एप्रिलमधला दुसऱ्या. कापला गेला तरी तो बुडत नाही, तुमच्या पॅनवरच्या कराच्या उताऱ्यात (२६एएस) दिसतो, रिटर्न भरून परत मिळतो. शेतकरी माणूस रिटर्न भरत नाही म्हणून हे पैसे तसेच राहतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. भरा.

व्हिसासाठी फी आणि राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो, एकही दिवस कमी पडता कामा नये. आणि रुपयातले पैसे पौंडात किती होतात ते व्हिसावाले ओॲन्डा या चलनांचे भाव देणाऱ्या वेबसाइटच्या रेटनं, अर्ज केला त्या दिवशीच्या, मोजतात. म्हणजे २८ दिवसात पौंड तीन रुपयांनी वाढला तर काल पुरणारे पैसे आज कमी पडू शकतात. काटोकाट ठेवू नका, आम्ही लाखभर जास्त ठेवले होते, पैसे कुठं जात नाहीत, खात्यातच असतात, फक्त झोप लागते.

खर्चाला थोड्या नोटा आणि बाकी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच पौंड भरून ठेवलेलं कार्ड. नोटा एका प्रवासाला तीन हजार डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात, पण एवढ्या कशाला, दोनशे-तीनशे पौंड पुष्कळ झाले. रोख रुपये देऊन ५० हजारांच्या आतलंच चलन घेता येतं, वरचं खात्यातून. नोटा घेताना बघा, बँक ऑफ इंग्लंडच्या आताच्या सगळ्या नोटा प्लास्टिकच्या आहेत, ५ वर चर्चिल, १० वर जेन ऑस्टिन, २० वर टर्नर, ५० वर ट्युरिंग, पुढच्या बाजूला राणी किंवा २०२४ पासून राजा, दोन्ही चालतात. आमच्या शेजारच्या काकांनी प्रेमानं पुतणीला कागदाची २० ची नोट दिली होती, त्यांच्या जुन्या टूरमधली. कागदाच्या २० आणि ५० च्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, पण रद्दी झालेल्या नाहीत, बँक ऑफ इंग्लंड त्या कधीही बदलून देते. जुने गोल एक पौंडाचे नाणेही २०१७ पासून बंद, आताचं बाराकोनी असतं.

तिकडं एटीएम किंवा दुकानातलं मशीन भारतीय कार्ड बघून विचारतं, रुपयात कापू का पौंडात? नेहमी पौंड दाबायचं. रुपये दाबले की भाव ते मशीनवाले लावतात आणि तो चांगलाच महाग असतो. पुतणीला पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न मशीननं विचारला, तिनं तिथूनच फोन लावला, "काका, हाली का कलदार?" म्हणाली. मी म्हणालो, कलदार दाब.

जानेवारीच्या हप्त्याला दादा एकटाच बँकेत गेला. जाताना तोच पट्टीमागचा कागद खिशात घेऊन गेला, काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, पूर्ण पडले पाहिजेत, सगळं धरून सांगा. आधी सांगितलेला रेट त्यांनी मॅनेजरला विचारून ६० पैशांनी कमी केला, हे मला माहीतच नव्हतं की मागितलं तर कमी होतो. ओयूआरवर टिक दादानं स्वतःच्या हातानं केली. तिसऱ्या दिवशी पुतणीचा मेसेज आला की पूर्ण जमा झाले, आणि पावतीचा फोटो.